चारी बाजू बरोबर

३ फेब्रुवारी

मामा,

फोनवर मी ओरडतो, तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमची लेक भांडण लागलं असं समजून धावत येते. त्यापेक्षा लिहितो. कटर मशीनने तुमचे कान खाल्ले, परांचीने कंबर खाल्ली, आता डोळे तरी सांभाळा. नाहीतर माझं अक्षर वाचणार कोण?

नवीन काम मिळालंय. दातांच्या डॉक्टरांचा बंगला आहे, मागे मोठी बाग. त्या बागेत चारी बाजूंनी उघडा मंडप बांधायचाय: खाली चौथरा, सहा खांब, वर उतरतं छप्पर. सहा मीटर बाय आठ मीटर. फरशी बुद्धिबळाच्या पटासारखी, एक काळी, एक पांढरी. मी म्हटलं, डॉक्टर, एकरंगी घ्या, उन्नीस-बीस झालं तर झाकलं जातं. ते म्हणाले, "म्हणजे उन्नीस-बीस करायचं ठरवूनच आलात?" हा माणूस बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, दातांकडे बघतो. त्यामुळे मी तिथे मान खाली घालूनच वावरतो.

घर जरा शिष्टच वाटलं. डॉक्टरांची बायको व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेली असते. मी जाता-येता दोनदा हसलो, बाई माझ्या अंगावरून पलीकडे बघत राहिल्या, जसा मी काचेचाच. असो. आपल्याला चौथरा बांधायचाय, सोयरीक जमवायची नाही.

खोदाईला आपला लांबा आहेच. तुमच्याशिवाय पहिलीच आखणी, म्हणून टोळीतले मला चिडवतात. "अर्धा इंजिनिअर, आज कॉलेजात कुठपर्यंत शिकवलं होतं?"

आई बरी आहे. काल तिने स्वयंपाकघरातलं टेबल ओढलं आणि मागच्या फटीतून तीन चमचे आणि तुमच्या चष्म्याची एक काडी काढली. ती फट बुजवून देतो म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्या मामाने घाईत बांधलंय ते. राहू दे, मला लागते ती."

तुमचाच,
अर्धा इंजिनिअर


७ फेब्रुवारी

अर्ध्या इंजिनिअरास,

पत्र मिळालं. इथे मी पलंग ते दार, दार ते पलंग एवढाच प्रवास करतो. जाताना अकरा पावलं, येताना तेरा. कंबर परतीच्या वाटेवर जास्त कुरकुरते.

आता कामाचं. तुला येतं हे मला माहीत आहे, तरी सांगणार, कारण पडल्या पडल्या दुसरं काही सांगता येत नाही. पत्र्याच्या गुण्यावर, त्या काटकोनी पट्टीवर, विसंबू नकोस. हातभर गुण्याने आठ मीटरच्या बाजूची लबाडी पकडता येत नाही. दोऱ्या ताण. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर तीन मीटरला खूण कर, दुसरीवर चारला. त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच आलं, तरच तो कोपरा काटकोनात. येत नसेल तर खुंटी हलव, टेप ओढू नकोस. पुष्कळ लोक टेप ओढतात.

आणि शेवटी दोन्ही कर्ण. या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरे दोन कोपरे. माझ्या टोळीचा नियम लक्षात आहे ना? ज्याने खुंट्या ठोकल्या त्याने आकडा वाचायचा नाही. त्याने टेपचं शून्याचं टोक धरून गप बसायचं. आकडा दुसऱ्याने वाचायचा, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. या एका नियमावर चाळीस वर्षांत माझा एक कोपरा बाहेर गेलेला नाही.

आईला सांग, चष्म्याची काडी जपून ठेव. मी आजवर कोणापुढे वाकलो नाही, पण तुमच्या त्या टेबलाखाली दर वेळी चष्म्यासाठी गुडघ्यावर बसतो.

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

आखणी झाली. पुढची बाजू आठ मीटर, मागची आठ मीटर, डावी सहा, उजवी सहा. चारी बाजू बरोबर, मिलिमीटरला मिलिमीटर. चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या, लांबा खणायलाही लागला. काँक्रीट अठ्ठावीस तारखेला.

एक गंमत. डॉक्टरांच्या मुलाचं लग्न ठरलंय. ज्या मुलीशी ठरलंय ती परवा जागा बघायला आली होती. म्हणजे ती. माझ्या कॉलेजातली. तुम्हाला एकदा सांगितलं होतं बघा, जिच्या पेन्सिलीला दोन्हीकडून टोक असायचं. फरशी तिनेच पसंत केलीय म्हणे. तिला विशेष काही बोलायचं नव्हतं, मलाही नव्हतं. काम मस्त चाललंय. मी एकदम मजेत आहे.

तुमचाच


१५ फेब्रुवारी

भाच्या,

चारी बाजू लिहिल्यास. कर्ण लिहिले नाहीस.

चारी बाजू बरोबर असून चौकोन वाकडा असू शकतो. खाटेची एक खीळ ढिली झाली की खाट तिरकी होते; तिच्या बाजू कुठे लहान-मोठ्या झालेल्या असतात? हे तुला कॉलेजच्या आधी मी शिकवलंय, तेव्हा तू वाळूच्या ढिगावर झोपायचास.

दोन्ही कर्ण कळव. आणि "एकदम मजेत" असं जो लिहितो तो मजेत नसतो, एवढं मला कान नसताना ऐकू येतं.

मामा


१८ फेब्रुवारी

मामा,

घ्या कर्ण. एक, दहा मीटर शून्य मिलिमीटर. दुसरा, दहा मीटर शून्य मिलिमीटर. झालं समाधान? पडल्या पडल्या माझ्यावर पहारा ठेवायचं सोडा आणि व्यायाम करा.


२१ फेब्रुवारी

भाच्या,

तू मोजलेलं नाहीस.

सहा आणि आठला दहा येतात हे वहीत. जमिनीवर कधी येत नाहीत. खुंटीच्या डोक्याला जाडी असते, टेपला झोळ पडतो, उन्हात दोरी सैल होते. चाळीस वर्षांत मला दोन्ही कर्ण एकसारखे कधीच मिळाले नाहीत. कधी दोन मिलिमीटर इकडे, कधी तीन तिकडे. पाचाच्या आत आलं की मी देवाघरचं काम समजून पुढे जातो. शून्य आणि शून्य हे मोजणाऱ्याचं उत्तर नाही, घरी बसून लिहिणाऱ्याचं आहे.

आकडा कोणी वाचला? लांब्याने? की लांब्याला पाणी आणायला पाठवलंस?

मामा


२३ फेब्रुवारी

हो. वाकडं आखलंय.

लांब्याला फक्की आणायला पाठवलं आणि मागची आठ मीटरची अख्खी बाजू बारा सेंटीमीटर उजवीकडे सरकवली. चारी बाजू तुमच्या शपथेवर बरोबर. खरे कर्ण हवेत ना? एक दहा मीटर साडेनऊ सेंटीमीटर, दुसरा नऊ मीटर नव्वद. नुसत्या डोळ्याला कळत नाही. लांब्याला कळलं नाही, डॉक्टरांना कळणार नाही. कळेल ते फरशी बसायला लागल्यावर, खांब उभे राहून छप्पर चढल्यानंतर. समोरच्या बाजूने चौकोन ओळीत लागत जातील आणि कडेला पोचल्यावर एक पाचर उरेल. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला बारा सेंटीमीटर, मधल्या प्रत्येक फरशीचा वेगळा तुकडा. एकरंगी असती तर झाकली असती. काळ्या-पांढऱ्यात ती आरडाओरडा करेल. करू दे. लग्नानंतर रोज सकाळी ती कॉलेजवाली तिथे येऊन बसेल आणि रोज तिला ती पाचर दिसेल. कोणी केली हे तिला सांगावं लागणार नाही. सर्व्हेच्या तासाला कर्ण आम्ही दोघंच मोजायचो.

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत मी कॉलेज का सोडलं. आता ऐका. दुसऱ्या वर्षी ड्रॉइंगच्या दोन शीट सारख्या निघाल्या, एक माझी, एक तिची. तिने माझ्यावरून उतरवली होती. मीच दिली होती, रात्र जागून काढलेली. सरांनी विचारलं, कोणी कोणाची कॉपी मारली? मी उभा राहिलो आणि म्हटलं, मी. सर म्हणाले, तुझ्याकडून हीच अपेक्षा होती. मी टी-स्क्वेअर खिडकीतून बाहेर फेकला आणि निघालो. वाटलं, ती मागून येईल. चार मजले होते, मामा. मी मुद्दाम एकेक पायरी हळू उतरलो. खाली फाटकापाशी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, दोनदा.

आली नाही. तिचं खोडरबर अजून माझ्या पाकिटात आहे, हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

आणि आता तीच डॉक्टरांच्या मुलाच्या गाडीतून उतरते, मी धरलेल्या दोरीवरून पाय उचलून पलीकडे जाते आणि विचारते, "मिस्त्री, कधीपर्यंत होईल?"

मिस्त्री.

अठ्ठावीसला काँक्रीट पडेल. मग ते कोणाच्या बापालाही सरळ करता येणार नाही. तुम्ही डॉक्टरांना कळवणार असाल तर कळवा. मी टोळी सोडून जाईन, पण खुंटी हलवणार नाही.


२५ फेब्रुवारी

भाच्या,

डॉक्टरांना कळवणार नाही. माझं नाव जाईल म्हणूनही लिहीत नाही. मी लिहिलं होतं ना, चाळीस वर्षांत एक कोपरा बाहेर गेला नाही? ते खोटं होतं. एक गेला. मी घालवला.

तुमचं घर मी बांधलं, बावीस वर्षांपूर्वी, तुझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी. तुझे वडील तेव्हा नव्या नोकरीत होते, पॅन्टची इस्त्री मोडू नये म्हणून उभ्यानेच चहा प्यायचे. जोत्याचं काम चाललं होतं. मी म्हटलं, जिजाजी, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला ठेवा, हिला उजेड मिळेल. ऑफिसची चार माणसं घर बघायला आली होती. त्यांच्या देखत ते म्हणाले, "गवंड्याने विटा रचाव्यात, सल्ले देऊ नयेत."

मी हसलो. सगळे हसले म्हणून मीही हसलो. दुपारी ते गेले आणि मी स्वयंपाकघराची दोरी सोडून पुन्हा बांधली. चारी बाजू बरोबर ठेवल्या. मनात म्हटलं, आता जन्मभर हा माणूस कपाट इकडून लावेल, तिकडून लावेल, आणि कधीच नीट बसणार नाही. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

तुझे वडील गेले त्याला सहा वर्षं झाली. सोळा वर्षं ते त्या घरात राहिले. मला एक सांग, तू त्यांना स्वयंपाकघरात किती वेळा पाहिलंस? पाणीसुद्धा बाहेर मागायचे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कपाट इकडून तिकडून लावत बसली ती माझी बहीण. फटीतला कचरा विणकामाच्या सुईने काढते ती माझी बहीण. प्रत्येक खेपेला मी तिथे बसून चहा पितो आणि ती म्हणते, दादा, घाईत बांधलंस रे. मी म्हणतो, हो गं, घाई झाली.

तिला हे मी कधीच सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

हे पत्र सत्तावीसला पोचेल. मी अकरा पावलांच्या पुढे येऊ शकत नाही. खुंट्या तुझ्या हातात आहेत.

मामा


२ मार्च

मामा,

तुमचं पत्र सत्तावीसला दुपारी कामावरच मिळालं. विटांवर बसून वाचलं आणि पहिला राग तुमच्यावर आला. माझ्या आईचं स्वयंपाकघर वाकडं करून वर आम्हाला तीन-चार-पाच शिकवलंत. ठरवलं, आता तर नाहीच हलवत खुंटी. मामाला शोभेसा भाचा होतो.

तेवढ्यात गाडी आली. नवरामुलगा आत फोनवर बोलत बसला. ती उतरली, आणि व्हरांड्यातून डॉक्टरीणबाईंना कोपराला धरून बागेत घेऊन आली. बाईंच्या हातात फरशीचे दोन नमुने होते, काळा आणि पांढरा. ते अगदी नाकाशी धरून बघत होत्या. बाईंना खुर्चीवर बसवून ती माझ्याकडे आली. खड्ड्यांकडे बघितलं, डोळे बारीक केले, सर्व्हेच्या तासाला करायची तसे, आणि म्हणाली, "कर्ण मोजलेस?"

मी टेप काढला. का काढला माहीत नाही. शून्याचं टोक मी धरलं, आकड्याचं तिला दिलं. नियम तुमचा.

तिने मोठ्याने वाचलं, "दहा मीटर साडेनऊ." मग दुसरे कोपरे. "नऊ मीटर नव्वद." दुसऱ्यांदा आवाज कमी झाला. टेप हातातच धरून माझ्यापाशी आली.

"हे मुद्दाम आहे."

"हो."

"माझ्यासाठी?"

"मग काय डॉक्टरांसाठी?"

म्हणाली, "मी इथे राहणारसुद्धा नाहीये. याची नोकरी दुसऱ्या गावी आहे, लग्न झालं की आठवड्यात जाणार. हा मंडप याच्या आईंचा आहे. त्यांना आता फक्त गडद आणि फिकट एवढंच कळतं. काळा, पांढरा, काळा, पांढरा असे चौकोन मोजून एकट्या चालता येईल म्हणून ही फरशी. तुझ्या पाचरीपाशी त्यांची मोजणी चुकली असती. काठावरून खाली पडल्या असत्या. मग तुला बरं वाटलं असतं?"

मी म्हटलं, त्या दिवशी तू जिन्यावर का आली नाहीस ते आधी सांग.

ती म्हणाली, "कारण मी सरांसमोर उभी होते. तू टी-स्क्वेअर फेकून वीर झालास, इकडे मी सांगितलं की शीट मी उतरवलीय. मलाही सहा महिने घरी बसवलं. तुला तीन वेळा फोन केला. तू नंबर बदललास. आता इथे दिसलास तर मान वर करायला तयार नाहीस. मला वाटलं ओळख नकोय तुला, म्हणून मिस्त्री म्हटलं."

मामा, मान मी दातांच्या डॉक्टरमुळे खाली घालत होतो. हे तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे का ते?

माझा राग गेला असं समजू नका. खोटं कशाला लिहू. सहा महिने ती घरी बसली, पण मी कायमचा बसलो, आणि लग्न काही माझ्याशी होत नाहीये. मी म्हटलं, ठीक आहे, सरळ करतो, पण आकडे तू वाचायचे. लांब्याने मागचे तीन खड्डे एका अंगाने वाढवले आणि मला अशा शिव्या दिल्या की बाईंनी खुर्ची फिरवून घेतली. प्रत्येक खुंटी मी केसभर हलवायचो आणि म्हणायचो, "पुन्हा." ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. "पुन्हा." तीन तास. भर उन्हात. नव्या चपला फक्कीने पांढऱ्या झाल्या. नवरामुलगा गाडीत हॉर्न वाजवून वाजवून दमला. पाच मिलिमीटरच्या आत केव्हाच आलं होतं. मी थांबवलं नाही. तेवढा सूड मला मिळाला. पुरला नाही, पण मिळाला.

शेवटचे आकडे तिने वाचलेले देतो: दहा मीटर दोन मिलिमीटर, आणि नऊ मीटर नऊशे नव्व्याण्णव. निघताना मी तिला खोडरबर परत केलं. ती म्हणाली, "हे माझं नाहीच." पण घेऊन गेली.

अठ्ठावीसला काँक्रीट पडलं. बाई रोज संध्याकाळी काठाशी येऊन काठीने ते ठोकून बघतात. काल मी हसलो नाही, तोंडाने "मी आहे" म्हटलं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे, चुन्याचा वास येतो."

आता तुमच्याकडे वळतो. सांगू नकोस म्हणालात, म्हणून सत्तावीसलाच घरी जाऊन सांगितलं. माझ्या आईला बावीस वर्षं सुईने कचरा काढायला लावलात, तुम्हाला असं सहज सुटू देणार नव्हतो. टेबल ओढलं, टेपचं आकड्याचं टोक तिच्या हातात दिलं. खोली तीन बाय चार, कर्ण पाचाचे हवेत. तिने वाचलं: एक पाच मीटर साडेनऊ, दुसरा चार मीटर नव्वद. तुमच्या आणि माझ्या आकड्यांची शेपटं सारखीच निघाली, मामा. एकाच हाताची अवलाद.

मग तुमचं पत्र तिच्यापुढे ठेवलं आणि ती रडते की चिडते ते बघत उभा राहिलो. ती इतकी हसली की तिला टेबलाला धरावं लागलं. आज हे लिहायला बसलो तर तिने पेन मागितलं. खालचं अक्षर तिचं.

तुमचाच,
अर्धा इंजिनिअर


दादा,

मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तू कधी घाईत काम केलं आहेस? ह्यांना बोलले नाही, कारण ह्यांनी तुला पुन्हा घरात घेतलं नसतं. पण गप्प बसले म्हणजे सोडून दिलं असं समजू नकोस. बावीस वर्षं तू आलास की मी तुला टेबलाच्या त्याच, फटीकडच्या टोकाला बसवते. तू चहासाठी चष्मा काढून ठेवतोस, मी टेबल पुसायला येते. चष्मा आपोआप फटीत पडत नाही. मी ढकलते. मग तू गुडघ्यांवर बसून हात घालतोस आणि मी वर उभी राहून म्हणते, वाक दादा, अजून थोडा वाक.

कंबर बरी झाली की ये. फट बुजवायची नाही असं याला बजावलं आहे.

तुझी बहीण